रॅव्हनच्या उतारावरील दोन मतदारांबाबत

प्रति,
मा. वसाहत-सचिव
(या पदावर आज जे कोणी असतील ते),
न्यूझीलंड वसाहत, ऑकलंड.

अर्जदार : अँब्रोज टली, वय वर्षे २६, धंदा मेंढरांची हद्द राखणे, राहणार रॅव्हन नदीचा उतार, वेदरली मतदारसंघ.

विषय : रॅव्हनच्या उतारावरील मतदान केंद्र चालू ठेवणे आणि श्री. लॅक्लन गेडिस यांचे नाव मतदार यादीतून कमी न करणे याबाबत.

संदर्भ : (१) वेदरलीच्या नोंदणी अधिकाऱ्यांची नोटीस, दि. ३ मार्च १८५६. (२) माझा अर्ज, दि. ११ जून. ‘सदर मंत्रिमंडळ पडले’ असा शेरा होऊन परत. (३) माझा अर्ज, दि. १४ जुलै. ‘हेही पडले’ असा शेरा होऊन परत.

महोदय,

१. प्रथम पत्त्याबद्दल क्षमा असावी. वसाहतीला स्वतःचे मंत्रिमंडळ मिळाल्याची बातमी इथे पाच आठवड्यांनी आली. मी त्याच दिवशी अर्ज लिहिला. तो तिकडे पोचायला आणखी पाच आठवडे लागले आणि मंत्रिमंडळ टिकले होते तेरा दिवस. दुसऱ्या खेपेलाही तसेच झाले. यात मी कोणाला दोष देत नाही. राज्य नवे आहे, बसायला वेळ लागणारच. फक्त या खेपेला नावाची जागा मोकळी सोडली आहे. आपण अजून पदावर असाल तर अभिनंदन. नसाल तर हा कागद पुढच्यांच्या टेबलावर सरकवावा ही विनंती.

२. मी नदीच्या अलीकडच्या तीरावर राहतो. अलीकडची मेंढरे पलीकडे आणि पलीकडची अलीकडे जाऊ न देणे हे माझे काम. पलीकडच्या तीरावर, पलीकडच्या मालकांच्या वतीने, नेमके हेच काम श्री. लॅक्लन गेडिस करीत. वय त्रेपन्न, मूळ स्कॉटलंडचे, डाव्या कानाने कमी ऐकत आणि उजव्याने मुद्दाम. घोड्यावर सामान घेऊन येणारा माणूस महिन्यातून एकदा येई. तो सोडल्यास चार दिवसांच्या वाटेत आम्हा दोघांखेरीज मनुष्यप्राणी नाही. पाणी उतरलेले असले म्हणजे कमरेइतक्या पाण्यातून आम्ही एकमेकांकडे मटण खायला जात असू. पाणी चढलेले असले म्हणजे ओरडून बोलत असू.

३. आमची राजकीय मते कशी बनली, हे सांगणे अर्जाच्या दृष्टीने आवश्यक आहे. सन १८५४च्या हिवाळ्यात सामानवाल्याने एक वर्तमानपत्र आणले. आमच्या नव्या संसदेतला पहिला मोठा वाद त्यात छापला होता. वाचून झाल्यावर कागद फुकट घालवण्याची इथे रीत नाही. झोपडीच्या फटींतून वारा येतो, म्हणून तो भिंतीला चिकटवतात. आम्ही त्याचे दोन भाग केले. सगळा कारभार राजधानीकडे असावा, हे भाषण माझ्या भिंतीवर आले. प्रांतांनी आपापले बघावे, हे त्याला दिलेले उत्तर श्री. गेडिस यांच्या भिंतीवर गेले. मागच्या बाजूला काय होते ते भिंतींनाच ठाऊक. उठता-बसता जे डोळ्यांसमोर असते ते माणसाला पटू लागते. वर्षभरात मी कट्टर राजधानीवाला झालो आणि श्री. गेडिस कट्टर प्रांतवाले झाले. दर शनिवारी आम्ही आपापल्या तीरावर उभे राहून अधिवेशन भरवत असू. ते मला ‘राजधानीचा चहावाला’ म्हणत. मी त्यांना काय म्हणत असे ते सरकारी कागदावर लिहिण्यासारखे नाही, पण त्यांना ते आवडे.

४. गतवर्षी आम्हा दोघांची नावे यादीत चढली आणि मतदान केंद्र म्हणून माझी झोपडी मुक्रर झाली. दि. १९ नोव्हेंबर १८५५ रोजी मतदान अधिकारी श्री. पास्को व्हेनिंग खेचरावरून नोंदवही घेऊन हजर झाले. मत मोठ्याने सांगायचे आणि त्यांनी ते वहीत उतरवायचे, अशी पद्धत. त्या दिवशी डोंगरावरचे बर्फ वितळून नदी भरून वाहत होती.

५. सकाळी श्री. गेडिस तीरावर आले आणि म्हणाले, “टली, पाणी बघतोयस ना? तुझं एक मत, माझं एक. बेरीज शून्य. तू देऊ नकोस, मी येत नाही. संसदेत करतात तशी जोडी लावू.” संसदेतील ही प्रथा आपणास माहीत आहेच. एका बाजूच्या सभासदाला येणे जमत नसेल तर दुसऱ्या बाजूचा एक जण त्याच्याखातर मत न देता बसून राहतो. याला लिखापढी नसते, शब्द असतो. त्यांच्या भिंतीवर याविषयी चार ओळी होत्या. मी हात वर करून शब्द दिला.

६. दुपारी दोनच्या सुमारास ते पुन्हा तीरावर आले. मी आणि श्री. व्हेनिंग दारात चहा पीत बसलो होतो. वही कोरी होती. श्री. गेडिस यांनी विचारले, “गप्प बसलायस ना रे?”

पुढची हकिगत मी दोन्ही मागील अर्जांत लिहिली नव्हती. ते अर्ज परत आले हे एका परीने बरे झाले.

मी म्हणालो, “देऊन मोकळा झालो, गेडिस! आता सांभाळा तुमचा प्रांत.”

ही थट्टा होती. अशा थट्टा मी आठवड्याला आठ-दहा करीत असे. ते शिव्या देतील, मी हसेन आणि शनिवारपर्यंत पुरेल एवढा विषय होईल, असा माझा हिशेब होता. त्यांनी शिवी दिली नाही. ते खाली बसले, बूट काढले, नाड्यांची गाठ मारून गळ्यात अडकवले. श्री. व्हेनिंग म्हणाले, “हा माणूस येतोय की काय?” मी म्हणालो, “छे हो, पाय धुतोय.”

ते पाण्यात शिरल्यावर मी तीराकडे धावलो आणि ओरडून खरे सांगितले. नदीचा आवाज मोठा होता आणि त्यांचा डावा कान माझ्याकडे होता. मध्यावर छातीइतक्या पाण्यात उभे राहून त्यांनी एक हात वर केला आणि माझ्याकडे न बघता श्री. व्हेनिंग यांना म्हणाले, “वही मिटू नका हो साहेब, मतदार येतोय.” त्यानंतर त्यांनी काही म्हटले नाही.

७. चार वाजता मतदान संपले. श्री. व्हेनिंग कायद्याला धरून चालणारे गृहस्थ आहेत. वही मिटण्यापूर्वी त्यांनी दारात उभे राहून दोन्ही नावे तीन-तीनदा पुकारली. मी खालच्या अंगाला तीर धुंडाळत होतो. मला दोन्ही ऐकू आली. ओ दिली नाही.

८. नोटिशीत म्हटले आहे की या केंद्रावर एकही मत पडले नाही, म्हणून ते बंद करावे. हे न्यायाला धरून नाही. संसदेत जोडी लावून गप्प बसलेल्या दोघा सभासदांना कोणी आळशी म्हणून घरी पाठवत नाही. आमच्याकडे शून्य मते पडली नसून दोन मते राखून ठेवली आहेत.

९. नोटिशीत असेही म्हटले आहे की श्री. गेडिस हे मयत असल्याने व पलीकडच्या झोपडीत त्यांचे वास्तव्य उरले नसल्याने नाव कमी करावे. मयत असल्याचे मला मान्य आहे. ते तिसऱ्या दिवशी मलाच सापडले. वास्तव्याबाबत मात्र हरकत आहे. कायद्याला सहा महिने सलग वास्तव्य लागते. श्री. गेडिस केंद्रापासून चाळीस पावलांवर, याच तीरावर, दहा महिने अखंड राहत आहेत. ते कुठे जाण्याचा संभव नाही. वसाहतीत सोन्याची नुसती कुणकुण लागली की अर्धी मतदार यादी तिकडे धावेल. असा एका जागी राहणारा मतदार सरकारला दुसरा मिळणार नाही.

१०. पलीकडच्या मालकांनी त्यांच्या जागी कुत्रा साखळीने बांधला आहे. इथे ही पद्धत आहेच. त्याच्या भीतीने मेंढरे हद्द ओलांडत नाहीत. त्याचे खाणे मीच नेऊन देतो. कुत्रा कामाला चोख आहे, पण त्याला राजकीय मत नाही. दोन्ही बाजूंवर सारखाच भुंकतो. पाणी उतरलेले असले की मी आपल्या भिंतीवरचे भाषण म्हणतो, पलीकडे जातो, तिथल्या भिंतीवरून उत्तर देतो आणि परत येतो. दोन्ही पक्ष मीच चालवतो आणि दर खेपेला राजधानीवाले हरतात. श्री. गेडिस यांचे मुद्दे इतके बरे होते हे त्यांच्या हयातीत माझ्या लक्षात आले नव्हते.

११. मी वेदरलीला चार दिवस चालून मत द्यावे, अशी सोय नोटिशीत सुचवली आहे. मला मत द्यायचे नाही. मी शब्द दिला आहे आणि जोडी दोघांच्या संमतीशिवाय मोडत नाही. एकदा ती मोडल्याचे मी खोटेच सांगितले. आता ती मरेपर्यंत पाळण्याचा विचार आहे.

१२. तरी नम्र विनंती की केंद्र चालू ठेवावे आणि प्रत्येक निवडणुकीला श्री. व्हेनिंग यांना किंवा आवाज मोठा असलेल्या कोणाही अधिकाऱ्याला वहीसह पाठवावे. सरकारने खर्चाची काळजी करू नये. मटण, भाकरी आणि चहा माझ्याकडे आहे. वहीत काही लिहावे लागणार नाही. चार वाजता नदीकडे तोंड करून दोन्ही नावे तीनदा पुकारावीत, इतकेच काम. श्री. गेडिस यांचे नाव या खोऱ्यात दहा महिने माझ्याखेरीज कोणी मोठ्याने घेतलेले नाही. मीही रोज घेतो, पण ते मतदार म्हणून पुकारल्यासारखे होत नाही.

उत्तराला विलंब झाल्यास मी समजून घेईन. मी कुठे जात नाही.

आपल्या (किंवा आपल्या जागी आलेल्यांच्या) आज्ञेतला,
अँब्रोज टली
रॅव्हनचा उतार, दि. २९ सप्टेंबर १८५६

सोबत : (१) नोटिशीची नक्कल. (२) परत आलेली दोन पाकिटे. (३) दि. १९ नोव्हेंबरचे मतनोंदवहीतले कोरे पान, श्री. व्हेनिंग यांच्या सहीसह. मी मत दिले नव्हते याचा दुसरा पुरावा माझ्याजवळ नाही. वाचून झाल्यावर हे पान परत पाठवावे. ते पलीकडच्या भिंतीवर लावायचे आहे.