कंसातलं ठाण

बाई, मी सध्या घोड्यांच्या पागा काढते. कागदावर नाही, संगणकात. आणि आपल्याकडच्या नाहीत, कारण आपल्याकडे घोडा नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. दूरच्या थंड मुलखात कोणी तरी तीन पायांच्या घोडीवर, हसू नका, एक यंत्र ठेवतो. ते गरगर फिरून चहूकडे लेझरचा प्रकाश फेकतं आणि तो जिथे जिथे आपटतो तिथला एकेक ठिपका टिपून ठेवतं. असा ठिपक्यांचा ढगच्या ढग माझ्याकडे, गावच्या घरी तोंडवलीला येतो आणि मी त्यातून भिंत, खांब, तुळई, दार वेगवेगळं करून इमारत उभी करते. म्हणजे तुम्ही आमच्याकडून करून घ्यायचात तेच: लांबलचक समास पुढ्यात टाकायचा आणि म्हणायचं, सोडव. फरक इतकाच की समासातले घोडे हलत नसत. इथे यंत्र फिरत असताना घोड्याने मान वळवली की त्याला दोन माना येतात. ते सगळे मी आधी पुसून टाकते. गिऱ्हाइकाला इमारत हवी असते, राहणारे नको असतात. सकाळभर पागा रिकाम्या करून जेवायला उठते, तर घरातही तीच परिस्थिती.

‘मंदुरा’ म्हणजे घोड्यांची पागा, हे तुम्ही पाठ करायला लावलंत तो दिवस अजून दिसतो. नाताळ तोंडावर आलेला, तुमच्या मालवणच्या स्वयंपाकघरात चुलीवर दोदोल चढलेलं. काळा गूळ, नारळाचा रस, तांदळाचं पीठ; ढवळायचं थांबलं की खाली लागणार, म्हणून शिकवणीला आलेल्या आम्ही पोरी आळीपाळीने लाकडी डाव धरतो आहोत. शाळेत तुम्ही पुस्तकातलं मराठी बोलता, चुलीजवळ मालवणी. किरिस्तांव बाई संस्कृत शिकवते याचं गावाला नवल, तुम्हाला नाही. मी विचारते, “बाई, हंय घोडो खंय आसा? ह्यो शब्द घेवन करूचा काय?” कढईवरची नजरही न उचलता तुम्ही म्हणता, “तुका घोव खंय आसा? तरी ‘पति’ चलयतंस मां?” सगळ्या हसतात. मीही हसते. तो शब्द चालवायला अवघड, भल्याभल्यांचा षष्ठीत घात होतो. पुढे मला घोडे मिळाले, पुष्कळ मिळाले. पती मात्र चालवण्यापुरताच राहिला.

तुमची बोलणी मात्र एकदाच लागली. श्लोकाचा अन्वय लावताना क्रियापद सापडेना, तेव्हा मी आपलं ‘अस्ति’ घालून मोकळी झाले. तुम्ही वही माझ्याकडे सरकवलीत. “ह्यो शब्द कवीन दिल्यान काय?” मी म्हटलं, नाही, पण अध्याहृत आहे; म्हणजे लिहिलेला नसला तरी धरून चालायचा. “मगे कंसात घाल गो. कंसात आसा तवसर तो पावणो. भायर इलो काय चोर.” सगळ्यांसमोर चोर म्हटलंत म्हणून मी रुसले, आणि तुम्ही दोदोलाचा पहिला तुकडा केळीच्या पानावर मला दिलात. समजूत घालायची तुमची पद्धत अशीच, न बोलता, आणि दातांना चिकटून राहणारी.

एम. ए. होऊनही संस्कृताची नोकरी मिळेना, म्हणून पुण्यात इमारतींचे नकाशे काढायला शिकले. तुम्ही गेलात तेव्हा तिथेच होते. आईच्या आजारपणात तेच काम घेऊन घरी आले. आई गेली, काम राहिलं. भाऊ दर रविवारी डोंबिवलीहून फोन करतो, एकटी कशाला राहतेस, इकडे ये. मी सांगते, काम आहे. शेजारची काकू कुंपणावरून विचारते, “घोडे झाले काय गो?” कधी कधी दिवसभरात माझ्याशी कोणी बोललेलं तेवढं एकच वाक्य असतं. ‘मंदुरा’वर हसेल असं माणूस तर आता कोणीच नाही. काकूला एकदा सांगून पाहिलं. ती म्हणाली, “बरां आसा नाव. होमस्टेक ठेव.”

गेल्या महिन्यात एक जुनी लाकडी पागा आली. मालक ती पाडणार आहे, त्याआधी ती जशी आहे तशी त्याला हवी. हे काम पसंत पडलं तर त्याच्या बाकीच्या पागाही आम्हाला; नाही तर माझ्यासाठी कंपनीकडे काही उरणार नाही, असं पुण्याच्या मुलीने आधीच सांगितलं होतं. ही माझी वरिष्ठ, वयाने भाचीएवढी. पागेत प्रत्येक घोड्याचं आपलं ठाण, फळ्यांनी वेगळं केलेलं. सगळी ठाणं उघडी, एकच बंद. आत म्हातारी घोडी; ती यंत्राला आत येऊ देईना म्हणे. अर्ध्या दाराच्या वर तिचे कान आणि कपाळ तेवढे ठिपक्यांत उमटलेले. कपाळ एकच; ती हललीच नव्हती. तिच्यामागे नुसता काळोख.

“ताई, शेजारचं ठाण उचला आणि तिथे ठेवा,” मुलगी फोनवर म्हणाली. “सगळी सारखीच असतात.”

“असतीलही. पण हे कवीने दिलेलं नाही.”

“कोणी?”

“यंत्राने.”

“अर्धवट बघून ते काम काढून घेतील हां. मग माझ्याकडे रडत येऊ नका.”

“रडायला पुण्यापर्यंत कोण येतंय? खारं पाणी इथे आहे पुष्कळ.”

घोडी नियमाप्रमाणे पुसली. त्या ठाणाच्या आतल्या भिंती तुटक रेषांनी काढल्या आणि वर लिहिलं: अंदाजाने, प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. आमच्या धंद्यातला कंस तो एवढाच. रविवारी भावाला सांगितलं, काम जाईलसं दिसतंय. तो म्हणाला, मागची खोली रिकामीच आहे. मग पुण्याहून फोन. “ताई, सुटलात. मालक म्हणतो, त्या घोडीजवळ तोही जात नाही, राहू दे तसंच. बाकीच्या पागा तुमच्याकडेच.” मी बरं म्हटलं. “नुसतं बरं?” ती म्हणाली.

इगर्जीमागच्या दफनभूमीत, रेतीखाली तुम्ही आहात, तिथे टपाल जात नाही, म्हणून लिहायला हरकत नाही. तुमच्या नियमाखातर मी ते ठाण तुटक ठेवलं, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं नाही, पण वाक्य तिथे संपत नाही. काम गेलं असतं तर मला डोंबिवलीला जावं लागलं असतं. ‘मी जाते’ म्हणायला कर्ता लागतो, तो माझ्याने होत नाही. ‘जावं लागलं’ म्हटलं की कोणी काही केलेलं नसतं आणि माणूस माणसांत पोचलेला असतो. त्या आठवड्यात मी माळ्यावरून बॅग काढून, बुरशी पुसून ओटीवर उन्हात ठेवली होती. काकूने विचारलं, “खंय चल्लंस गो?” मी म्हटलं, “खंय नाय. बॅगेक वारो देतंय.”

भावाला कळवलं, काम राहिलं. तो म्हणाला, बरं झालं, तुला तिथेच आवडतं. मी हो म्हटलं. बॅग अजून ओटीवर आहे. माळ्यावर टाकायची राहिली, असं लिहिणार होते. राहिली नाही, बाई. मी टाकलेली नाही.