मल्हारीला माझ्या दुकानाचं वळण लावताना

पंचवटी, नाशिक
ऑक्टोबर १९७८

तीर्थस्वरूप दाजींच्या चरणी रावजीचा साष्टांग नमस्कार.

सखुताईचे गुडघे आता कसे आहेत? देवळ्याकडे कांद्याची रोपं टाकून झाली असतील. माझा मोतीबिंदू पिकला असून दिवाळीनंतर डॉक्टर तो काढणार आहेत. पुढे बरेच दिवस डोळ्याला पट्टी. तेवढ्या काळात दुकान कोणी सांभाळायचं, या एका चिंतेपायी आपण आपला पुतण्या मल्हारी मोठ्या मनाने इकडे धाडलात, ते उपकार आहेतच. पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

मल्हारीने तिकडे आपल्या कापडदुकानात उभं आयुष्य काढलं, तिशी ओलांडली, गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ द्यायचं नाही हे त्याच्या रक्तात भिनलं. माझं दुकान मात्र अंत्यविधीच्या सामानाचं. बांबू, सुतळी, मडकं, गुलाल आणि पांढरं कापड. (आपण माझ्या लग्नाच्या बैठकीत याला ‘पूजासाहित्य’ म्हणाला होतात, तेही खरंच.) पहिल्याच सकाळी एक गृहस्थ भाऊ गेला म्हणून आले. मल्हारीने त्यांना गादीवर बसवलं, अख्खं ठाण सर्रकन उलगडलं आणि म्हणाला, “शेठ, हात लावून बघा. धुवा, आपटा, वर्षानुवर्षं काही व्हायचं नाही.” एवढ्यावर थांबावं की नाही? त्याने कापड त्या गृहस्थांच्या खांद्यावर टाकलं, आरसा समोर धरला आणि अंगाला शोभतं म्हणून सांगितलं. (आरसा माझ्या दाढीचा. तो तेव्हाच कुलपात टाकला.) गृहस्थ दुःखात होते म्हणून आपला पुतण्या वाचला.

त्या दिवशी दुकान बंद केल्यावर मी त्याला समोर बसवून आमच्या धंद्याची रीत शिकवली. म्हटलं, बाबा, आपल्याकडे ‘काय हवं’ असं विचारायचं नसतं, कारण जे हवं असतं ते येणाऱ्याला मुळात नकोच असतं. तोंड बघायचं, ओळखायचं आणि मुकाट्याने सगळं सामान बांधून द्यायचं. फार तर ‘धीर धरा’ म्हणायचं. मी स्वतः गिऱ्हाईक होऊन, पडलेला चेहरा करून, पुन्हा पुन्हा पायरी चढलो. माझी बायको गोजराबाई आतून म्हणाली, “अहो, पुरे करा आता, दिवेलागणीला अभद्र कशाला?” पण मल्हारी मन लावून शिकला. दाजी, माझं खरं नुकसान तिथेच झालं.

दसरा झाला, झेंडूचा भाव पडला. मखमलाबादचा निवृत्ती माळी फुलांची पाटी तशीच घेऊन पडलेल्या चेहऱ्याने घरी निघाला होता. वाटेत चपलेचा अंगठा तुटला, म्हणून तो सुतळीचा तुकडा मागायला आमच्या पायरीवर आला. मी चहाला गेलो होतो. मल्हारीने त्याचं तोंड बघितलं, ओळखलं, एक शब्द न विचारता सगळं सामान बांधलं, वर मडकं ठेवलं आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “धीर धरा.” निवृत्तीला वाटलं, घरचा निरोप आपल्याआधी दुकानी पोचला. तो अनवाणी धावत सुटला.

काखेत बांबू आणि डोळ्यांत पाणी घेऊन आलेला मुलगा बघताच घरच्या बायकांनी हंबरडा फोडला. त्याचा म्हातारा बाप कोंडाजी बाजेवर भाकरी खात होता. तोही तोंडातला घास तसाच ठेवून रडला आणि मग विचारता झाला, “पर गेलं कोन रं?” घरातली माणसं मोजून झाली, गोठाही पाहून झाला. सगळे जागच्या जागी होते.

संध्याकाळी कोंडाजी ते मडकं घेऊन स्वतः दुकानी आला. मी पाया पडण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात मल्हारीने आपल्या कापडदुकानचा नियम सांगितला, “बाबा, गेलेला माल परत घेत नाही. बदलून देऊ.”

“बदलून?” कोंडाजी म्हणाला. “मंग माझ्या जागी तूच चल.”

सबब माझी विनंती ध्यानात आली असेलच. वडीलधाऱ्यांस नमस्कार, लेकरांस आशीर्वाद.

आपला,
रावजी

ता. क. मल्हारीला परत बोलवावं आणि माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनआधी एखादा कमी शिकलेला माणूस धाडावा.

ता. क. अक्षर ओळखीचं वाटेल. मला लिहायला नीट दिसत नसल्याने पत्र मी सांगतो आहे आणि मल्हारी लिहितो आहे. त्याने एक शब्दही गाळलेला नाही. आरशापाशी तेवढा थोडा थांबला होता.

ता. क. आणखी एक. गेल्या आठवड्यात बयाबाई म्हणून एक म्हातारी एकटीच आली. नवरा गेलेला, मागेपुढे कोणी नाही. मल्हारीने मी शिकवलेलं सगळं सोडलं. तिला बसवलं, चहा पाजला, मला न विचारता दुकानाच्या फळ्या लावल्या आणि तिच्यासोबत जाऊन खांदा दिला. परत आल्यावर तिला निरोप देताना सवयीने बोलून गेला, “पुन्हा या, मावशी.” आमच्या धंद्यात हे शब्द कोणी उच्चारत नाही. मी कपाळावर हात मारला. पण दाजी, काल ती खरंच आली. घ्यायला काही नाही, नुसती बसायला. नवऱ्याबद्दल बोलत बसली आणि मल्हारी ऐकत बसला. माझ्या दुकानाची पायरी आपल्या मनाने पुन्हा चढलेलं माणूस मी आजवर पाहिलं नव्हतं. हे लिहायला तो तयार नाही. लिही म्हटलं, मालक मी आहे. तेव्हा दुसरा माणूस धाडू नका. ऑपरेशनची मला फार भीती वाटते, आणि पट्टी असेल तेव्हा हाच जवळ हवा.