बाबांच्या सायकलची बुटकी चाकं

लकडगंज, नागपूर
१२ सप्टेंबर १९७८

प्रिय रवींद्र,

तुझं पत्र पोचलं. भिलाईला मोठं क्वार्टर मिळालं, मागे पेरूचं झाड आहे, सूनबाईला तिथलं पाणी मानवलं, हे सगळं वाचून जीव निवाला. बाबांनी पत्र आधी मनात वाचलं, मग मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "तूच लिही वं याले उत्तर. मले नाही जमत." म्हणून आज दुपारची कामं आटोपून बसले आहे. पण आधी इकडचं सांगते, कारण तू होळीला येऊन गेलास त्यानंतर घरात बरंच काही घडलं आहे आणि मी तुला कार्डावर नुसतं "आम्ही खुशाल" एवढंच लिहीत राहिले.

होळीला तू पाहिलंस तेव्हा बाबांच्या पायाचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं. इतवारीच्या गल्लीत तो भरलेला हातठेला उतारावरून सुटून त्यांच्या पायावर आला नसता तर काही झालंच नसतं, पण ते आता बोलून काय उपयोग. हाड जुळलं, गुडघा मात्र अर्धाच वाकतो. डॉक्टर म्हणाले, चाला, फिरा. पण बाबांचं चालणं-फिरणं म्हणजे काय होतं ते तुला ठाऊकच आहे. भजनी मंडळांच्या पेट्या, शाळांच्या पेट्या, कुणाचा भाता फाटला, कुणाचा सूर अडकला, की हत्यारांची पिशवी हँडलला आणि पेटी कॅरियरवर. महालापासून सदरपर्यंत त्यांना सगळे "पेटीवाले" म्हणूनच ओळखतात. तू गेल्यावर ते ओसरीवर बसायला लागले, ते बसलेच. कुणी पेटी घरी आणून दिली तर दुरुस्त करायचे, पण वाजवून पाहायचे नाहीत. दुरुस्तीनंतर पेटी वाजवून न पाहणारे तुझे बाबा. मला ते पाहवत नव्हतं, आणि बोलायची सोयही नव्हती.

एकदा ते झोपले असताना मी त्यांची सायकल हाताने ढकलत लहानूच्या दुकानात नेली. लहानू म्हणजे लाकूड कापायच्या आरा-मशीनच्या कोपऱ्यावरचा मिस्त्री, तू कॉलेजला असताना ज्याच्याकडे पंक्चर काढायचास तोच. मी म्हटलं, सीट खाली कर, म्हणजे त्यांचे पाय जमिनीला टेकतील. तो हसला. "काकू, सीट तं दांडीवरच येऊन टेकली, आता अजून कुठं खाली नेऊ?" मग मीच म्हटलं, सीट खाली जात नाही तर सगळी सायकलच खाली आण. चाकं लहान बसव. त्याने चाक फिरवून पाहिलं. म्हणाला, लहान चाक खड्ड्यात जास्त आदळते, बाबाजीच्या गुडघ्याले प्रत्येक हिसका लागन. टायर रुंद घ्यावे लागतीन, ते थोडे मऊ ठेवले की दणका खातात. मी म्हटलं, मग रुंद घे.

बोलणं सोपं होतं, करणं तसं नव्हतं. रुंद टायर चाक धरणाऱ्या पुढच्या चिमट्यात घासायला लागला, म्हणून चिमटा बदलला. चाक लहान झालं तर ब्रेकचे रबर रिमपर्यंत पोचेनात, म्हणून त्याने ब्रेकच्या सळ्या वाढवून खाली घेतल्या. मडगार्ड आणि चाकाच्या मधे अशी जागा उरली की त्यातून मांजर निघून जावं. एकूण सायकल अशी दिसायला लागली की उंच माणसाला कुणी गुडघ्यावर बसवलंय. बाबांनी पाहिली, तोंड फिरवलं, आणि तरी दुसऱ्या दिवशी सकाळी काठी टेकत दुकानापर्यंत आले. मला वाटलं, जिंकलं.

पण रवींद्र, त्या दिवशी ते पडले. सायकल तिरपी करून बसले छान, पाय टेकले छान, निघालेही. कोपऱ्यावर वळताना पेडल जमिनीला घासलं आणि सायकल आडवी झाली. चाकं लहान केली की पेडलही खाली येतं, हे लहानूच्याही लक्षात आलं नव्हतं आणि माझ्याही. जवळच्या लाकडाच्या टालीवरचे हमाल धावले, उठवलं. लागलं काही नाही. पण त्यांना चार लोकांनी काखेत हात घालून उभं केलं, ते त्यांना लागलं. घरी आले, जेवले, आणि म्हणाले, "आता पुरे झालं." रागाने नव्हे, अगदी शांतपणे. मला त्या शांतपणाची भीती वाटली.

लहानूने मग लहान मुलांच्या सायकलचे आखूड दांडे लावून पेडल वर घेतले. पण आता ती चालते की नाही हे पाहायचं कुणी? बाबा तर तिच्याकडे बघायलाही तयार नाहीत. मिस्त्री चालवून दाखवेल, पण तो धट्टाकट्टा माणूस, त्याने काय सिद्ध होणार? तेव्हा माझ्या मनात आलं ते तू हसू नकोस. शेजारच्या मीराबाईला मी सोबत घेतलं आणि आम्ही दोघी सकाळी टालीमागच्या मैदानात गेलो. तिथे लाकडाचा भुसा पसरलेला असतो, पडलं तरी लागत नाही. लुगड्याचा काष्टा असतो म्हणून पुरुषांची सायकलही अडत नाही, हे मला तिथेच कळलं. मीराबाई मागून कॅरियर धरायची आणि ओरडायची, "खाली काहून पाहून राहिली वं, समोर पाह!" किती वेळा पडले ते विचारू नकोस. हाताचं कोपर सोललं, बांगड्या फुटल्या, आम्ही दोघी भुशात बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. पण जिथे भीती वाटायची तिथे पाय टेकत होते, बाळा. एवढ्याच गोष्टीने मला धीर आला. आणि एका सकाळी मागून मीराबाईचा आवाज लांबून यायला लागला, तेव्हा कळलं की तिने कधीच सोडलंय.

त्याच दिवशी मी सायकल सरळ आमच्या गल्लीत आणली. बाबा ओसरीवर होते. त्यांनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी घाबरून हँडलच सोडते की काय असं वाटलं. "अवं, पडशीन! उतर, उतर खाली!" ओरडत ते पायऱ्या उतरून रस्त्यावर आले आणि त्यांनी कॅरियर गच्च धरला. मी पाय टेकून थांबले. आम्ही दोघं धापा टाकत उभे होतो. काठी वर ओसरीवरच राहिली होती. ते माझ्याकडे पाहत होते, मग चाकांकडे पाहायला लागले. अंगठ्याने टायर दाबून पाहिला. मग म्हणाले, "वळणावर घासत नाही?" मी म्हटलं, नाही. "उतर मग." ते बसले, कोपऱ्यापर्यंत गेले, वळले आणि परत आले. आखूड दांड्यामुळे गुडघ्यालाही तेवढंच वाकावं लागतं जेवढं तो वाकतो. हे कुणीच ठरवून केलं नव्हतं, आपसूक जमलं.

आता ते रोज जातात, लांब नाही, पण जातात. पोरं बुटकी सायकल म्हणून हसतात, तर तेही हसतात. परवा एका शाळेची पेटी दुरुस्त केली आणि संध्याकाळभर वाजवत बसले. गल्लीतल्या बायका कामं टाकून ऐकत होत्या.

दुपारी ते झोपले की सायकल माझी. प्रयागमावशी सक्करदऱ्याला अंथरुणाला खिळून आहे, हे तुला माहीत आहे. आजवर कुणी नेलं तर मी तिच्याकडे जायची, नाहीतर निरोपावर भागायचं. आता मला वाटलं की मी जाते. तिची वेणी घालते, चार घास भरवते, चहा पिऊन परत येते. पहिल्यांदा गेले तेव्हा ती विचारत होती, "कोणाच्या संगं आली वं?" मी म्हटलं, कोणाच्याच नाही. ती किती तरी वेळ माझा हात धरून होती. लग्न होऊन या शहरात आले तेव्हापासून इथले रस्ते मी कुणाच्या तरी मागे बसून पाहिले. आता डावीकडे वळायचं की उजवीकडे हे मी ठरवते, आणि कधी कधी नुसतंच, काही काम नसताना, लांबच्या रस्त्याने घरी येते. हे मी बाबांनाही सांगितलेलं नाही. त्यांना माहीत असावं.

तर आता तुझ्या पत्राचं उत्तर. तू लिहिलंस की दसऱ्याला ट्रक घेऊन येतो, घर रिकामं करू, दोघं कायमचे भिलाईला चला. आणि आई, बाबांचं मन तू वळव. रवींद्र, बाबांचं मन वळवायला नको. ते तयार आहेत. पत्र वाचून म्हणाले, पोरगं एवढं म्हणते तं जाऊ, पेट्या काय तिथंही असतीन. न येणारी मी आहे. तुझ्यात काही कमी नाही, सूनबाईतही नाही. तुमच्या घरी मला सुखच मिळेल, हे मी जाणते. पण इथे मला जे मिळालंय ते इतक्या उशिरा मिळालंय की अजून ते हातातून खाली ठेववत नाही. आधी माझ्या वडिलांनी, मग तुझ्या बाबांनी, जिथे नेलं तिथे मी गेले आणि कुठेच वाईट झालं नाही. म्हणूनच नाही म्हणायची वेळ कधी आली नाही. ती आज आली. दसऱ्याला या, दोघंही या, राहायला या. ट्रक सांगू नकोस. आयुष्यातलं पहिलं "नाही" मी माझ्या पोराला म्हणते आहे, कारण ते ऐकूनही तू माझाच राहशील, एवढी खात्री मला जगात दुसऱ्या कुणाची नाही.

तुझीच,
आई