देवात बसलेली पेटी

घट बसले, १९९६
फोनच्या पेट्या, म्हणजे छोटी एक्स्चेंजं, चालू झाल्या. एक आमच्या दूध संघाच्या बारामती ऑफिसात, एक कोऱ्हाळ्याच्या केंद्रात, एक सणसरच्या. तिन्ही तारेनं जोडलेल्या. एकीची वाट भरली की कॉल दुसरीकडून फिरतो. इंजिनिअर देशमान्यांना बारामतीत एकच मोठं एक्स्चेंज हवं होतं. मी म्हटलं, "साहेब, एकच म्हैस असली आन् ती आटली, की घरात चहा काळा. तीन शेळ्या बऱ्या." संचालक हसले, आणि माझंच ऐकलं. आता पेट्या बिघडल्या तर नाव माझंच. पुस्तकं चाळून शिकलेला माणूस मी...

तिसरी माळ
सूनबाई, सुनंदा, पहिल्या बाळंतपणाला माहेरी सणसरला गेली. दिवस भरत आलेत. तिकडं वेळेला वाहन मिळत नाही. कळा सुरू झाल्या की व्याह्यांनी केंद्रातून मला फोन लावायचा, मी संघाची जीप पाठवायची. जाताना म्हणाली, "तात्या, तुमच्या पेटीच्या भरवशावर चाललेय हां." हसलो. ती गेल्यावर सणसर लावून पाहिलं. लागलं.

सहावी माळ
देशमाने: "तात्या, तिन्ही एकदम मुक्या झाल्या तर?"
"तीन गावच्या तीन जणी एकाच दिवशी कशा रुसतील, साहेब?"
बोललो खरं.

खंडेनवमी
सकाळी माझ्या पेटीला हळदकुंकू लावलं. चालू ठेवूनच, मी यंत्रांची पूजा नेहमी तशीच करतो. मग सणसर लावलं. मुकं. कोऱ्हाळ्याकडून फिरवून पाहावं म्हटलं, तर कोऱ्हाळंही मुकं. जीप काढायला लावली.
सणसरला पेटीचं बटण बंद, वर झेंडूची माळ, पुढं नारळ. ऑपरेटर हरिबा हात जोडून बसलेला.
"आज अवजारांनी राबायचं न्हाय, तात्या. विळा, पाना, पेटी, समदी निजल्यात."
"आरं, पेटी म्हंजी विळा व्हय!"
कोऱ्हाळ्यातही हेच झालेलं, नंतर कळलं. वायरी जोडायला शिकवलं सगळ्यांना, पूजेला पेटी बंद करायची नाही, हे सांगायचं सुचलंच नाही. कसं सुचणार, मला तर ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं.
दारात व्याही उभे. चेहरा उतरलेला. "पोरीच्या पोटात दुखाय लागलं म्हून पळत आलो, तर पेटी देवात बसलेली. हितंच घुटमळलो. मग तिचं दुखणं आपसूक थांबलं."
हरिबाला बटण दाबायला लावलं. व्याह्यांच्या घरी जाऊन सुनंदाला म्हटलं, बारामतीला चल. विहीणबाई अडल्या, "पहिलं हितंच हुणार." परतलो. एकटाच.

दसरा
देशमाने सोनं द्यायला आले. टोमणा मारला नाही, तेच जास्त लागलं. "पेट्या ठेवायच्या का परत द्यायच्या? बैठकीत काय सांगू?"
"यंत्रं तीन केली, साहेब. पण खंडेनवमी सगळ्यांची एकच."

जेवून ऑफिसात येऊन बसलोय. सणसर लावलं. गुंतलेलं. परत लावलं. गुंतलेलं. म्हणजे पेटी जागी आहे. पण कोण बोलतंय? व्याही असतील तर मला का येत नाही? का मीच सारखा लावतोय म्हणून माझी वाट भरली, कॉल कोऱ्हाळ्याकडून फिरला, आणि तिथं कुणी उचललाच नाही... मीच तसं करून घेतलंय. एकच मोठं असतं तर सणसरचा प्रत्येक कॉल माझ्या डोळ्यांसमोरून गेला असता.
ड्रायव्हरला जीपमध्येच बसवून ठेवलंय. पुन्हा लावतो.