अकरा दिवस कोरड्या राहिलेल्या ट्रेबाबत

मी, खाली सही करणारा, वय छप्पन्न, गव्हाच्या जनुकांवर तीस वर्षं डोळे फोडलेला, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवतो. दडपणाखाली राहण्याची हौस नोकरीतच फिटली.

१. राहतं घर व शिल्लक धाकट्या बहिणीस. मेहुण्यांनी माझ्या कपाटाला निदान आठवडाभर कचरा म्हणू नये.

२. संस्कृत शब्दकोश भाचीस. तिला तो नको आहे, हे ठाऊक आहे. तरीही.

३. आमच्या संचालकांस काहीही नाही. कारण नोंदवतो. नऊ वर्षांपूर्वी काचघरातल्या रोपांना पाणी घालणाऱ्या बाई रजेवर होत्या. पाणी घालायची पाळी माझी. एक ट्रे मी साफ विसरलो. अकराव्या दिवशी सगळा ट्रे टाकाऊ म्हणून नोंदवला गेला, खाली सही संचालकांची. रजेवरून परतलेल्या बाईंनी कचऱ्यातून एक रोप उचललं. "साहेब, हे जितं आहे. फेकताय काय?"

त्या रोपाच्या एका जनुकातलं एकच अक्षर बदललेलं निघालं. पाणी तुटताच त्याची पानं आपली छिद्रं मिटून घेतात. संचालकांनी बाईंना हलगर्जीपणाबद्दल काढलं आणि शोधनिबंधात छापलं, 'अकरा दिवसांचा नियोजित जलताण.'

मी म्हणालो, "सर, पाळी माझी होती."

"पंडितजी, शिक्षा हवी की बढती? दोन्ही एकदम मिळत नाहीत."

मी बढती घेतली. हा सगळा राग यावच्चंद्रदिवाकरौ त्यांच्या नावे केला असता, पण निम्मा माझ्याच वाट्याचा आहे.

४. त्या दिवसांची माझ्या हातची नोंदवही व त्या रोपाच्या बियांची बरणी बाईंस. वहीची प्रत बहिणीने निबंध छापणाऱ्या नियतकालिकास धाडावी. माझ्या नावाची गय करू नये.

ता. क. आज बाई साक्षीदार म्हणून सही करायला आल्या. ज्याला काही मिळायचं त्याने साक्षीदार होऊ नये, असं मी समजावलं. त्यांनी कलम ४ दोनदा वाचलं.

"म्हणजे तुम्ही जाईपर्यंत हलगर्जी मीच?"

सबब कलम ४ खोडलं आहे. वही व बरणी बाई आत्ताच घेऊन गेल्या; प्रत मी स्वतः, माझ्या सहीच्या पत्रासह, आज टपालात टाकली.

खाडाखोड आमच्यासमोर झाली:
साक्षीदार १: शेजारचे दातांचे डॉक्टर (सही)
साक्षीदार २: तळमजल्यावरचे शिंपी (सही)

लिहून ठेवणार: (सही)
स्थळ: माझं स्वयंपाकघर
दिनांक: १४ मार्च, सायंकाळी पाच