सिक्स्टनचं पिवळं

गुरुवार, १४ मार्च २०१९
प्रयोगशाळा, दुसरा मजला

प्रिय सिक्स्टन,

कसा आहेस? तिकडे उत्तरेत किरुनात अजून कमरेएवढा बर्फ असेल. इथे तो वितळायला लागलाय आणि सायकली लावायच्या जागी नाताळात हरवलेले हातमोजे एकेक करून वर येतायत. शाळेतली पोरं ऐकतात का तुझं? नऊ वर्षांनी माझं पत्र बघून तुला नवल वाटेल, कदाचित रागही येईल. तरी शेवटपर्यंत वाच.

आधी इकडची खबरबात. बिर्गर प्राध्यापक पुढच्या वर्षी निवृत्त होतायत, पण सकाळी आठला प्रत्येकाच्या टेबलाशी थांबून डोकावणं काही सुटलेलं नाही. कौतुकाच्या बाबतीत अजून तसेच चिकट. आपल्या गटात आता अकरा जण आहेत, सात देशांचे, आणि कॉफीच्या वेळी नुसता कलकलाट असतो. गेल्या वर्षी दोघं डॉक्टर झाले. मी त्यांना पहिल्या दिवशी पिपेट कसा धरायचा ते शिकवलं होतं, त्यामुळे मी उगाचच मान ताठ करून फिरत होते. एवढ्याशा जागेतून, गळक्या नळाच्या प्रयोगशाळेतून काय काय बाहेर पडतं, ते बाहेरच्यांना सांगून खरं वाटायचं नाही.

आपला नियमही तोच आहे. एकाला जे जमलं ते दुसऱ्या हातांनी जमल्याशिवाय बाहेर जायचं नाही. आणि दुसरे हात बहुतेक वेळा माझेच.

आता मोठी बातमी. इल्वा नावाची एक मुलगी आहे, डॉक्टरेटच्या शेवटच्या वर्षाला. उंच, तोंडाळ, हुशार. ऑक्टोबरात कपाट आवरताना तिला तुझी जुनी वही सापडली. 'जमत नाही' असा शेरा असलेलं पान बघून तिला खुमखुमी आली. तिनं ते करून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी फ्लास्क हातात घेऊन व्हरांड्यातून ओरडत आली, "गुनवोर, हे बघ! कोण म्हणालं जमत नाही?"

पिवळे, सुयांसारखे स्फटिक, सिक्स्टन. तू सांगायचास तसेच.

तो पदार्थ हवेतला कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतो आणि कोमट कॉफीइतक्या उष्णतेला सोडून देतो. चारशे वेळा केलं, थकत नाही. बिर्गरनी आलेख बघितला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितला आणि म्हणाले, "वाईट नाही." नंतर म्हणाले, "अजिबात वाईट नाही." एवढं लांबलचक कौतुक आम्ही कुणी ऐकलेलं नव्हतं. आता सगळा मजला त्या पदार्थाला 'सिक्स्टनचं पिवळं' म्हणतो. ज्यांनी तुला पाहिलेलंही नाही तेसुद्धा. "पिवळ्याचं वजन केलंस का?" "पिवळं कुणी उघडं टाकलं?" दिवसभर तुझं नाव चालू असतं.

लेख तयार आहे. लेखकांत पहिलं नाव तुझं, मग इल्वाचं. हे इल्वानंच मागितलं. बिर्गर पत्र पाठवणारच होते, मी म्हटलं, मी लिहिते. कारण मला तुला अजून एक सांगायचंय, आणि तीन पानं फाडून झाली तरी ते लिहायला हात धजावत नाहीये.

तुला माझी ईथर सुकवायची भट्टी आठवते ना? सोडियमवर उकळणारी, आतलं ईथर जांभळं झालं की समजायचं थेंबभरही पाणी उरलं नाही. तिसऱ्या मजल्यावरचे लोक बाटल्या घेऊन दारात उभे राहायचे. माझ्याएवढं कोरडं ईथर या इमारतीत कुणाकडे नव्हतं आणि मला त्याचा माज होता. तुझ्या वहीत स्पष्ट लिहिलं होतं: 'ईथर, फडताळातल्या नेहमीच्या बाटलीतलं.' मी ते वाचलं. हसले. म्हटलं, हा पोरगा आळशी, आपण जरा चांगलं वापरू. तुझा प्रयोग पडताळायला मी तो तीनदा केला, आणि तिन्ही वेळा माझं ईथर घेतलं. तिन्ही वेळा तपकिरी चिखल झाला. आणि अहवालात लिहिलं, 'वहीप्रमाणे केलं.'

तू विचारलं होतंस. स्वयंपाकघरात, कप विसळताना. "गुनवोर, नक्की त्याच बाटलीतलं घेतलंस ना?"

मी म्हटलं, "माझ्या हातांवर शंका घेतोस?"

तू खाली मान घातलीस. जूनमध्ये तू प्रयोगशाळा सोडून गेलास.

भट्टी धोक्याची म्हणून दोन वर्षांपूर्वी काढली. आता सगळे विकतच्या बाटलीतलं घेतात. म्हणून इल्वाला जमलं, आणि तिच्यानंतर मलाही. स्वतःच्या हातात त्या सुया बघितल्या तेव्हा मला ती फडताळातली बाटली आठवली. मी सोडियमवर थोडं ईथर सुकवलं आणि पुन्हा केलं. चिखल. त्याच सुकवलेल्या ईथरमध्ये पाण्याचा एक थेंब टाकून केलं. पिवळं. त्या थेंबाशिवाय ते होतच नाही.

सोमवारच्या बैठकीत मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. बिर्गर म्हणाले, "त्याला एवढं कशाला लिहितेस? नाव तर घालतोच आहोत." मी म्हटलं, नाव पुरणार नाही. लेखाच्या तळटीपेत आता लिहिलंय की २०१० साली पदार्थ जमला नाही तो ईथर बदलल्यामुळे, आणि ते गुनवोर हेडलुंडनं बदललं. माझं नाव तिथेच राहील, असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय.

सिक्स्टन, मी खोटं लिहिलं आणि तुला तुझ्याच कामावर शंका घ्यायला लावली. मला माफ कर. नाही करता आलं तरी मी समजेन. पण सोबतच्या कागदावर सही कर आणि पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारच्या आत पाठव, कारण तुझ्या होकाराशिवाय लेख जाणार नाही. माझ्यावरच्या रागापायी ते पिवळं पुन्हा कपाटात जाऊ देऊ नकोस.

आणि सही करशील त्या दिवशी वर्गात पोरांना सांग: त्यांच्या सिक्स्टनला जमलं होतं, आणि जिनं नाही म्हटलं तिनं स्वतःच्या हातानं तसं लिहून दिलंय.

तुला चूक ठरवणारी, आणि आज या इमारतीत तुझा सगळ्यात जास्त अभिमान असणारी,
गुनवोर