समई जागेवर नाही

रवि. २ फेब्रु.
उपासनेला दहा मिनिटं आधीच पोचलो. देवदानच्या घरच्या हॉलमध्ये सगळं नेहमीसारखं. सतरंज्या, पेटी, भजनाची पुस्तकं. फक्त मेजावरची पितळी समई नाही! तिच्या जागी स्टीलच्या वाटीत दोन मेणबत्त्या. इथे परमुलखात, मुरलीपुऱ्यात, मी आणि दे.नं मराठी मंडळी सुरू केली त्याला वीस वर्षं झाली, असं कधी घडलं नाही. माझ्या आईनं नगरहून पाठवलेली समई, वर छोटा क्रूस. तेल मी घालायचं, काडी दे.नं ओढायची, ही आमची रीत.
विचारलं. "काम आहे तिचं. येईल," म्हणाला, आणि खिडकीकडे बघायला लागला. देवदान, आणि नजर चुकवतो!
समईला कसलं काम असतं?

सोम. ३
ड्यूटीवरही तेच डोक्यात. आमच्या सिग्नल खात्यात पहिल्याच दिवशी शिकवतात, दिवा दिसला नाही तर लाल समजायचा. आयुष्यभर तेच पाळलं.
शास्त्राच्या शेवटच्या पुस्तकात सात समया म्हणजे सात मंडळ्या. पहिल्या मंडळीला ताकीद आहे की समई जागेवरून काढून घेतली जाईल. मीच शिकवलंय हे, आमच्या नऊ कुटुंबांना, कितीदा तरी. आणि हेही की शेवटच्या काळातला धर्मत्याग बाहेरून येत नाही, आतून सुरू होतो.
रू.ला सांगितलं. बायको पाळकाच्या घरातली, तिला तरी कळायला हवं. तर म्हणे, "चहा निवतोय." आणि आत गेली. आत काहीतरी पडल्याचा आवाज.

गुरु. ६
आज सिविल लाइंसमधून स्कूटरवर येताना दे. दिसला. एका सरकारी बंगल्याच्या फाटकातून बाहेर पडत होता. हातात लाल मखमलीत गुंडाळलेलं काहीतरी. निवृत्त रेल्वे क्लार्कचं बड्या साहेबाच्या बंगल्यावर काय अडलंय? हॉर्न दिला नाही. तोही थांबला नाही. पाहिलं नसेल. किंवा पाहिलं असेल.

रवि. ९
मखमलीतली वस्तू कळली. चषक. सोनेरी!
प्रभुभोजनाच्या द्राक्षरसाला आपले साधे स्टीलचे छोटे पेले असायचे, आज तो फिरला. "बंगल्यावरच्या मॅडमनी दिला. त्यांच्याकडे नुसता पडून होता," दे. सगळ्यांसमोर म्हणाला. मेजावर त्याच्या बायकोनं, कुसुमवहिनींनी, लाल कापड घातलेलं.
त्याच शेवटच्या पुस्तकातली पशूवर बसलेली स्त्री, अंगावर जांभळं आणि किरमिजी, हातात सोन्याचा पेला, पृथ्वीचे राजे तिच्या नादी लागलेले. तिचा अर्थ भ्रष्ट झालेली मंडळी, हे मला कुणी नव्याने शिकवायला नको. समई गेली, पेला आला. आणखी किती खुणा हव्यात?
नुसते ओठ टेकवले. प्यालो नाही. रू.नं पाहिलं.

बुध. १२
जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तक्ता काढतोय. वर सात समया, त्यातली पहिली रिकामी सोडली. खाली पशू, दहा शिंगं, स्त्री, पेला. रविवारी अभ्यासाला लावणार. कुणाचं नाव घेणार नाही, ज्याचं त्याला कळेल. स्वतःपुरती म्हणून सातव्या शिंगाजवळ पेन्सिलीनं बारीक नोंद केली आहे. पुसायची आहे.
एस्तेर कॉलेजातून आली, उभ्या उभ्या बघत होती. "पप्पा, तुम्ही सगळ्यांनाच पशू बनवता. मतलब, शेवटी मंडळीत उरणार कोण? फक्त तुम्ही?"
मुलीला मराठी नीट वाचता येत नाही, आणि मला शहाणपण शिकवते. रागावलो. नंतर वाईट वाटलं, पण तक्ताच पुढे काढत बसलो.

रवि. १६
नको तेच झालं.
तक्ता भिंतीला लावला. समयांपासून सुरुवात केली, पेल्यापर्यंत आलो. सगळ्यांच्या नजरा तक्त्यावर. मला वाटलं, वचन लागतंय. एवढ्यात मागून एक जण म्हणाला, "दादा, त्या शिंगाजवळ काय लिहिलंय?" आणि पुढच्या बाईनं वाकून मोठ्यानं वाचलं. "दे. आणि प्रश्नचिन्ह."
पुसायचं राहिलं होतं.
कुसुमवहिनी रडायलाच लागल्या. दे. उठला, भिंतीजवळ गेला, चष्मा वर करून ते बघितलं. मी म्हटलं, "मग सांग ना, समई कुठे आहे?" मला वाटतं मी ओरडलोच. तो माझ्याकडे बघत होता, मग रू.कडे बघितलं, मग खाली. एक शब्द नाही बोलला. शेवटी स्वतःच्याच घरातून चप्पल घालून बाहेर गेला.
निर्दोष माणूस बोलला असता. नाही का?

मंगळ. १८
चार कुटुंबांचे फोन. येत नाहीत आता. दे.चा निरोप, कुसुमवहिनींकरवी: हॉल उघडा राहील, तो मात्र बसणार नाही.
रू. दोन दिवस जेवत नाही. पोट बिघडलंय म्हणते.

शनि. २२
दे.चा पाठलाग केला. लिहायला लाज वाटते, पण केला. सीकर रोडला लागला, मग विश्वकर्मा इंडस्ट्रियल एरियात वळला. एका वेल्डिंगच्या शेडमध्ये पाच मिनिटं होता, रिकाम्या हातानं बाहेर आला. तो गेल्यावर मी आत.
समई! कारागिराच्या टेबलावर, आडवी. क्रूस मुळाशी तुटलेला, दांडा वाकलेला. मी म्हटलं, ये तो हमारी है. तो म्हणाला, "अच्छा, देवदान जी के यहाँ से हो? दो बार टाँका लगाया, खुल जाता है. पुराना पीतल है. वो बेचारे रोज़ पूछने आते हैं. मैंने कहा, नई ले लो. बोले, नहीं, यही चाहिए, दोस्त की माँ की है."
स्कूटर लवकर सुरूच होईना. की मीच किक नीट मारत नव्हतो.
घरी रू.ला नुसतं म्हटलं, समई सापडली. ती भिंतीला टेकून खाली बसली.
एक तारखेला समई घासायची पाळी तिची होती. दे.च्या मोरीत हातातून निसटली, फरशीवर. क्रूस वेगळा. तिनं दे.ला शपथ घातली, यांना सांगू नका.
"का पण?" मी विचारलं. "मी काय मारलं असतं तुला?"
"मारलं नसतं. तुम्ही लगेच खूण काढली असती. माझ्या हातून क्रूस तुटला, म्हणजे माझ्यात काय शिरलंय, हे वर्षभर शोधत बसला असता. त्यापेक्षा मारलेलं परवडलं असतं हो."
रविवारी तो तिच्याकडे का बघत होता, ते आत्ता कळलं. तिनं तोंड उघडलं नाही, म्हणून त्यानंही नाही. माझ्यासमोर बोलायची तिला एवढी भीती. ही भीती मी घातली.

सोम. २४
तीच ताकीद पुन्हा वाचली. पहिली मंडळी. तिचं आधी कौतुक आहे: तिनं खोट्यांना पारखलं, खपवून घेतलं नाही. तो भाग मी नेहमी मोठ्यानं वाचतो. समई मात्र त्यासाठी जात नाही. ती जाते पहिली प्रीती सोडली म्हणून. इतकी वर्षं शिकवतोय. तक्त्यात ही ओळ कुठेच नाही.

शनि. १ मार्च
कारागिराकडून समई मिळाली. टाका दिसतो, पण धरलाय. घेऊन दे.कडे गेलो. दारातच उभा राहिलो. म्हटलं, देवदान, चुकलो मी. रूथनं सांगितलं सगळं. उद्या माझ्या घरी उपासना ठेवलीय, तू ये.
समईवरून हात फिरवला त्यानं, टाक्यापाशी थांबला. मग म्हणाला, "शांतवन, आधी एवढं सांग. मी सातवंच शिंग का रे? पहिलं का नाही?"
हसला नाही. मलाही हसता आलं नाही. कुसुमवहिनी आतून, "भाऊजी, पाणी देऊ का?" म्हणाल्या, पण तो दारातून सरकला नाही. समई परत माझ्या हातात.

रवि. २
दहाच्या उपासनेला पाच मिनिटं आहेत, लिहितोय. तक्ता फाडला. पाच कुटुंबं आली आहेत, सतरंजीवर बसलीत. रू.नं स्वतः उठून सगळ्यांना सांगितलं, समई माझ्या हातून पडली. 
आणि तरी माझं मन, सिविल लाइंसच्या त्या बंगल्यात तो जातो कशाला, हे विचारतच आहे. आत्ता, या घटकेलासुद्धा. ही खोड माझ्याबरोबरच जाणार.
समई मेजावर ठेवली. तेल घातलं, वात सारखी केली. काड्यापेटी बाजूला आहे.
दहा वाजून गेले. एस्तेर म्हणते, "पप्पा, तुम्हीच लावून द्या ना." म्हटलं, ते माझं काम नाही.
सव्वादहा. कुणीतरी भजन सुरू केलं, पेटीशिवायच. मी दाराकडे तोंड करून बसलोय.